जर्मन डाव्यांमध्ये एवढी फाटाफूट का? सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये खासदार झारा वागेनक्नेश्ट आणखी नऊ खासदारांना बरोबर घेऊन 'डी लिंके' ('डावे') या पक्षातून बाहेर पडल्या, तेव्हा उरलेला पक्ष संपला असंच सगळे म्हणत होते. सोळा महिन्यांनी निवडणूक झाली. उरलेल्या पक्षाला ८.८ टक्के मतं मिळाली आणि बाहेर पडलेल्यांना संसदेत जाताच आलं नाही. मग हे भांडण तत्त्वाचं होतं की माणसांचं? खरे डावे नक्की कोण? आणि सोशल डेमोक्रॅट्सचा पक्ष एसपीडी, पर्यावरणवादी ग्रीन आणि डी लिंके एकत्र का येत नाहीत?

जर्मन पक्षांचे ठराव, कार्यक्रमपत्रिका आणि मतमोजणीचे तक्ते वाचणं हे माझं रोजचं काम आहे. त्या अनुभवावरून सांगतो, 'अहंकार की विचार' अशी फोड केली की हे प्रकरण हातातून निसटतं. सुरुवात निवडणूक कायद्यापासून करायला हवी.

जर्मनीत मतदाराला दोन मतं असतात. एक मतदारसंघातल्या उमेदवाराला, दुसरं पक्षाच्या यादीला. यादीला देशभरात पाच टक्के मतं मिळाली नाहीत, तर पक्षाला यादीतून एकही जागा मिळत नाही. डाव्यांच्या कामाचा अपवाद एकच: तीन मतदारसंघ थेट जिंकले तर पाच टक्क्यांची अट लागू होत नाही आणि मतांच्या प्रमाणात जागा मिळतात. डाव्यांचा गेल्या तीस-पस्तीस वर्षांचा इतिहास या दोन नियमांमध्ये अडकलेला आहे. पूर्व जर्मनीच्या सत्ताधारी पक्षातून निघालेल्या पीडीएसला १९९४ मध्ये ४.४ टक्केच मिळाले, पण बर्लिनमधले चार मतदारसंघ जिंकल्यामुळे ती आत राहिली. २००२ मध्ये ४ टक्के आणि फक्त दोन मतदारसंघ, म्हणून पेट्रा पाउ आणि गेझिने लोट्श या दोघीच संसदेत पोहोचल्या. २०२१ मध्ये डी लिंकेला ४.९ टक्के पडले, पण तीन मतदारसंघ हाती आले आणि ३९ खासदार बसले.

अशा कायद्यात वेगळं होणं म्हणजे बहुतेक वेळा बुडणंच. म्हणून जी माणसं दुसऱ्या एखाद्या देशात तीन वेगळ्या पक्षांत असती, ती जर्मनीत एकाच पक्षात राहतात आणि तिथेच एकमेकांशी लढतात. बाहेरून ही फाटाफूट दिसते. आत मात्र न पटणाऱ्यांना एकत्र राहावं लागतंय, हे खरं दुखणं आहे.

डी लिंकेचा जन्मच तसा झाला. मार्च २००३ मध्ये एसपीडीचे चान्सलर गेरहार्ड श्रोडर यांनी 'अजेंडा २०१०' जाहीर केला. त्यातली सगळ्यात झोंबलेली तरतूद 'हार्ट्झ-चार' १ जानेवारी २००५ पासून लागू झाली. दीर्घकाळ बेकार राहिलेल्या माणसाला आधी त्याच्या जुन्या पगाराच्या हिशेबानं भत्ता मिळायचा. आता भाडं आणि हीटिंगचा खर्च वेगळा धरून पश्चिमेत महिना ३४५ युरो आणि पूर्वेत ३३१ युरो एवढ्यावर त्याला आणलं गेलं, तेही घरातली बचत आणि जोडीदाराचं उत्पन्न तपासून. आयुष्यभर एसपीडीला मत देणारे कामगार संघटनांचे कार्यकर्ते यावर भडकले आणि त्यांनी पश्चिमेत डब्ल्यूएएसजी नावाचा पक्ष काढला. एसपीडीचे माजी अध्यक्ष आणि श्रोडर यांचे काही महिने अर्थमंत्री असलेले ओस्कार लाफोंटेन त्यांच्याकडे गेले. हा पक्ष आणि पूर्वेची पीडीएस यांनी २००५ ची निवडणूक एकत्र लढवून ८.७ टक्के मिळवले आणि १६ जून २००७ ला दोन्ही पक्ष रीतसर विलीन झाले.

कागदावर हे सोपं दिसतं. पण पूर्वेत पीडीएस म्हणजे महापौर, नगरसेवक, भाडेकरूंचे अर्ज भरून देणारी कार्यालयं, पेन्शनरांच्या बैठका. म्हणजे कारभार करणारा पक्ष. पश्चिमेत मात्र सरकारनं फसवलं म्हणून बाहेर पडलेली माणसं. एकाला सत्तेत वाटा घेणं हे काम वाटतं, दुसऱ्याला तो विश्वासघात वाटतो. दोघांचंही वाटणं आपापल्या अनुभवातून आलेलं आहे, आणि म्हणूनच समजूत घालून ते सुटत नाही.

बर्लिनमध्ये काय झालं ते जरा जवळून बघू, कारण माझ्या मते सगळ्या वादाची नाडी तिथे सापडते. २००१ च्या बर्लिन निवडणुकीत पीडीएसला २२.६ टक्के मतं मिळाली. एसपीडीबरोबर तिचं सरकार आलं. शहर सरकारी बँकेच्या घोटाळ्यानंतर कर्जात बुडालेलं होतं आणि हे सरकार काटकसरीला लागलं. २००४ मध्ये या सरकारनं शहराच्या मालकीची जीएसडब्ल्यू ही घरबांधणी कंपनी खासगी गुंतवणूकदारांना विकली. तिच्याकडे सुमारे ६५,००० घरं होती. किंमत आली ४०.५ कोटी युरो. समाजवादी पक्ष सत्तेत असताना कामगारांच्या भाड्याच्या घरांची ही विक्री झाली. २००६ मध्ये पीडीएस १३.४ टक्क्यांवर आली. त्याच निवडणुकीत बर्लिनच्या डब्ल्यूएएसजीनं, देशपातळीवर विलीनीकरणाची बोलणी चालू असताना, पीडीएसच्या विरोधात स्वतंत्र उमेदवार उभे केले आणि २.९ टक्के मतं घेतली. लग्न ठरलेल्या दोन घरांपैकी एकानं दुसऱ्यावर दावा लावावा, तसा हा प्रकार होता.

पुढे २०१३ मध्ये ती विकलेली जीएसडब्ल्यू 'डॉइचे वोनेन' या बड्या कंपनीनं घेतली. बर्लिनमधली भाडी भडकत गेली. मग भाडेकरूंनी अशा मोठ्या कंपन्यांची घरं सार्वजनिक मालकीत घ्यावीत म्हणून सह्या गोळा केल्या, आणि २६ सप्टेंबर २०२१ च्या सार्वमतात दहा लाखांहून जास्त बर्लिनकरांनी होकार दिला. वैध मतांपैकी ५९ टक्के. डी लिंकेनं या मोहिमेला मनापासून साथ दिली. एकेकाळी घरं विकणाऱ्या पक्षातच ती परत घेण्यासाठी दारोदार फिरणारी नवी पिढी तयार झाली होती. त्यानंतर पक्ष पुन्हा एसपीडीबरोबर सरकारात गेला आणि सार्वमताची अंमलबजावणी तज्ज्ञ समितीकडे सोपवली गेली. समितीनं २०२३ मध्ये असं करणं कायद्यात बसतं असा अहवाल दिला, तोवर ते सरकार जाऊन दुसरं आलं होतं. आत राहून थोडंफार मिळवायचं की बाहेर राहून दबाव आणायचा, हा वाद पक्षात पुन्हा पहिल्या ठिकाणी आला. या वादात मी तटस्थ नाही. जीएसडब्ल्यूची विक्री ही जर्मन डाव्यांची या शतकातली सगळ्यात महागडी चूक होती, आणि त्या विक्रीचा हिशेब मांडल्याशिवाय 'सत्तेत जावं की नाही' यावर बोलण्यात अर्थ नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता गटांची नावं, कारण बातम्यांत ती सारखी येतात. 'लोकशाही समाजवाद मंच' हा सुधारणावाद्यांचा, सरकारात जायला तयार असलेला गट, मुख्यतः पूर्वेचा. 'भांडवलशाहीविरोधी डावे' याच्या उलट टोकाला. 'समाजवादी डावे' कामगार संघटनांतून आलेले, सरकारी खर्च वाढवून रोजगार निर्माण करा असं म्हणणारे. 'कम्युनिस्ट मंच' पीडीएसच्या काळापासूनचा. वागेनक्नेश्ट यांची सुरुवात तिथलीच. 'मार्क्स२१' हा ट्रॉट्स्कीच्या परंपरेतला छोटा पण चिवट गट, जो २०२३ मध्ये स्वतःच फुटला. आणि २०१९ पासूनची 'चळवळवादी डावी' फळी, जिचा भर भाडेकरू, हॉस्पिटलमधले कर्मचारी, हवामानाचे कार्यकर्ते यांच्या आंदोलनांवर आहे. पक्षाच्या घटनेतच अशा गटांना मान्यता आहे आणि मान्यता मिळालेल्या गटांना अधिवेशनाला स्वतःचे प्रतिनिधी पाठवता येतात.

अधिवेशनाच्या आधी ठरावांचं जाडजूड बाड येतं. त्यात ओळींना क्रमांक दिलेले असतात आणि दुरुस्ती येते ती 'अमुक ओळीतला अमुक शब्द काढावा' अशी. मी भाषणांच्या आधी दुरुस्त्यांखालची नावं वाचतो. एरवी एकमेकांशी न बोलणारे दोन गट एकाच दुरुस्तीखाली दिसले, की समजावं पक्षात काहीतरी हललंय. 'खरे डावे कोण' या चर्चेपेक्षा ही नावं कितीतरी जास्त सांगतात. भाषणं साफ निरुपयोगी असतात असं नाही. २०१२ च्या ग्योटिंगेन अधिवेशनात पीडीएसच्या काळापासूनचे ज्येष्ठ नेते ग्रेगोर गीझी यांनी, आपल्या संसदीय गटात द्वेष पसरलाय आणि असंच चालायचं असेल तर रीतसर वेगळं झालेलं बरं, असं सगळ्यांसमोर सांगितलं होतं. पक्ष विलीन होऊन तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती.

वागेनक्नेश्ट यांच्याकडे वळू. त्यांना फक्त महत्त्वाकांक्षी म्हणून निकालात काढणं चूक आहे. त्यांचा मुद्दा असा: कमी पगाराचा कामगार, पूर्वेतला पेन्शनर, लहान गावातला माणूस डाव्यांपासून दूर गेला, कारण पक्ष शहरातल्या शिकलेल्या तरुणांची भाषा बोलू लागला, आणि स्थलांतरावर मर्यादा हवी असं म्हणणाऱ्याला लगेच उजवा ठरवलं जातं. २०११ च्या पक्षकार्यक्रमात सगळ्या माणसांसाठी खुल्या सीमांची मागणी होती. २०१५ मध्ये लाखो निर्वासित आल्यावर या मागणीचा अर्थ काय, यावर पक्ष दुभंगला. मे २०१६ मध्ये माग्देबुर्गच्या अधिवेशनात एका अँटिफा, म्हणजे फॅसिझमविरोधी, कार्यकर्त्यानं वागेनक्नेश्ट यांच्या तोंडावर चॉकलेट केक मारला. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी 'आउफश्टेहेन' ही पक्षाबाहेरची मोहीम काढून पाहिली. ती काही महिन्यांतच विरली. मग युक्रेनचं युद्ध आलं. सप्टेंबर २०२२ मध्ये संसदेत त्यांनी सरकार रशियाविरुद्ध आर्थिक युद्ध करतंय असा आरोप केला आणि त्या भाषणानंतर काही नावाजलेले सदस्य पक्ष सोडून गेले.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. उरलेला पक्ष युद्धाच्या प्रश्नावर एकमताचा आहे, असं मुळीच नाही. थ्युरिंगियाचे माजी मुख्यमंत्री बोडो रामेलो युक्रेनला शस्त्रं देण्याच्या बाजूनं बोलले, पक्षानं त्याला नकार दिला. नंतर अध्यक्ष झालेले यान फान आकेन हे संयुक्त राष्ट्रांचे जैविक शस्त्रांचे निरीक्षक होते. ते शस्त्रपुरवठ्याला विरोध करतात, पण रशियावरच्या नेमक्या निर्बंधांना पाठिंबा देतात. मार्च २०२५ मध्ये संरक्षणखर्चाला कर्जमर्यादेतून मोकळं करणारी घटनादुरुस्ती आली. डी लिंकेच्या खासदारांनी विरोधात मत दिलं, आणि ब्रेमेन व मेक्लेनबुर्ग-फोरपोमेर्न या राज्यांत सरकारात असलेल्या त्यांच्याच मंत्र्यांनी बुंडेसराट या राज्यांच्या सभागृहात ती मंजूर होऊ दिली. तिथेही पुन्हा 'सत्तेत की बाहेर' हाच प्रश्न उभा राहिला.

फूट पडली तेव्हा कायद्यानं कसा तडाखा दिला ते पाहा. संसदेत 'गट' म्हणून मान्यतेला एकूण सदस्यांच्या पाच टक्के खासदार लागतात. त्या वेळी हा आकडा ३७ होता. डी लिंकेकडे ३९ खासदार, त्यातला एक आधीच एसपीडीत गेला. दहा जण बाहेर पडल्यावर उरले २८. ६ डिसेंबर २०२३ ला गट विसर्जित झाला. बोलण्याचा वेळ, समित्यांमधल्या जागा, निधी सगळंच घटलं आणि शंभरावर कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. ८ जानेवारी २०२४ ला वागेनक्नेश्ट यांचा पक्ष, बीएसडब्ल्यू, स्थापन झाला. जूनच्या युरोपीय निवडणुकीत त्याला ६.२ टक्के, डी लिंकेला २.७. सप्टेंबरच्या राज्य निवडणुकांत बीएसडब्ल्यूला थ्युरिंगियात १५.८, झाक्सनमध्ये ११.८ आणि ब्रांडेनबुर्गमध्ये १३ टक्क्यांवर मतं. त्या वेळी मला विचारलं असतं तर मीही डी लिंकेवर पैज लावली नसती.

पुढे उलटं घडलं, त्याची दोन कारणं मला महत्त्वाची वाटतात. बीएसडब्ल्यूनं गटबाजी टाळायची म्हणून सदस्यत्वच बंदिस्त ठेवलं. अर्ज खूप आले, आत घेतलं मोजक्यांना, आणि निर्णय वरून. २०२५ च्या सुरुवातीला देशभरात हजाराच्या आसपास सदस्य होते. प्रचाराला माणसं कुठून आणणार? आणि भांडणं टळली का? थ्युरिंगियात पक्षाच्या तिथल्या नेत्या काट्या वोल्फ ख्रिश्चन डेमोक्रॅट (पुराणमतवादी पक्ष) आणि एसपीडीबरोबर सरकार बनवायला लागताच, करारातल्या युद्ध आणि शांततेच्या वाक्यांवरून पक्षाच्या बर्लिनमधल्या नेतृत्वाशी जाहीर वाद सुरू झाला. म्हणजे पूर्वेतल्या कारभारी माणसांचा जुनाच वाद नव्या पक्षात वर्षभराच्या आत शिरला. २३ फेब्रुवारी २०२५ ला पक्षाला ४.९८ टक्के मिळाले. सुमारे साडेनऊ हजार मतं कमी पडली.

दुसऱ्या बाजूला डी लिंके महागाई आणि घरभाडं एवढ्याच दोन विषयांवर दारोदार फिरली. गीझी, रामेलो आणि डिटमार बार्च या पांढऱ्या केसांच्या तिघांना मतदारसंघ जिंकायला उतरवलं, कारण तीन मतदारसंघांचा नियम हाच शेवटचा आधार होता. (तोही २०२३ च्या दुरुस्तीत काढून टाकला होता, घटना न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये तो तात्पुरता परत लागू केला.) जानेवारीच्या शेवटी ख्रिश्चन डेमोक्रॅट नेते फ्रीडरिश मेर्त्स यांचा स्थलांतराचा ठराव अति-उजव्या एएफडीच्या मतांवर मंजूर झाला. त्यावर डी लिंकेच्या हायडी रायशिनेक यांनी संसदेत केलेलं भाषण सोशल मीडियावर प्रचंड पाहिलं गेलं. निकाल: ६४ जागा, सहा मतदारसंघ, बर्लिनमध्ये पहिला क्रमांक, १८ ते २४ वयोगटात सगळ्यात जास्त मतं. सदस्यसंख्या त्या वर्षी लाखाच्या पुढे गेली. यातल्या बहुसंख्य सदस्यांनी पीडीएस पाहिलेली नाही, हार्ट्झ-चारविरुद्धचे मोर्चेही पाहिलेले नाहीत.

इस्रायल-पॅलेस्टाइनचा वाद भारतीय वाचकाला सगळ्यात अनोळखी वाटतो. जगभर डावे म्हटलं की पॅलेस्टाइनची बाजू, असं आपण गृहीत धरतो. जर्मनीत १९८९-९० मध्ये एकीकरणाच्या वेळी एक प्रवाह उभा राहिला, 'पुन्हा जर्मनी नको' अशी घोषणा देणारा. बलाढ्य जर्मनी पुन्हा नाझी वळणावर जाईल ही त्यांची भीती होती. १९९१ च्या आखाती युद्धात इराकची क्षेपणास्त्रं इस्रायलवर पडली आणि इराकच्या रासायनिक शस्त्रांमागे जर्मन कंपन्यांचा हात होता हे पुढे आलं, तेव्हा या प्रवाहातल्या बऱ्याच जणांनी इस्रायलचं समर्थन हीच आपली पहिली कसोटी मानली. त्यांना 'अँटिडॉइच', म्हणजे जर्मनीविरोधी म्हणतात. समोरचे 'अँटिइम्प', साम्राज्यवादविरोधी. लाइपझिगच्या कोनेविट्स भागात पहिल्या प्रवाहाचा प्रभाव जुना आहे, बर्लिनच्या नॉयकोल्नमध्ये पॅलेस्टाइनच्या बाजूचा आवाज मोठा.

ऑक्टोबर २०२४ मध्ये बर्लिनच्या राज्य अधिवेशनात ज्यूद्वेषाविरुद्धच्या ठरावावरून जो वाद झाला, त्यानंतर बर्लिनचे माजी सांस्कृतिक मंत्री क्लाउस लेडरर यांच्यासह पाच ओळखीचे नेते पक्ष सोडून गेले. मे २०२५ मध्ये केम्निट्सच्या अधिवेशनानं ज्यूद्वेषाची 'जेरुसलेम घोषणापत्रा'तली व्याख्या थोड्या फरकानं स्वीकारली, अध्यक्षांचा सल्ला डावलून. ही व्याख्या इस्रायल सरकारवरच्या टीकेला जास्त मोकळीक देते. नवे सदस्य कोणत्या बाजूला झुकतात हे त्या मतदानात कळलं. पण गाझातली माणसं मरत असताना गप्प राहू नका म्हणणारे आणि जर्मनीत सिनेगॉगला पोलीस पहारा लागतो हे विसरू नका म्हणणारे, दोघंही खरं बोलताहेत. या प्रश्नावर कुणाला ढोंगी म्हणण्याआधी माणूस त्या देशात कोणता इतिहास शिकत मोठा झाला, हे पाहावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता तिन्ही पक्ष एकत्र का येत नाहीत. संधी दोनदा आली होती. २००५ मध्ये एसपीडी २२२, डी लिंकेची यादी ५४ आणि ग्रीन ५१, म्हणजे ६१४ पैकी ३२७. २०१३ मध्ये ६३१ पैकी ३२०. दोन्ही वेळा बहुमत होतं, दोन्ही वेळा एसपीडी अँगेला मेर्केल यांच्याबरोबर सरकारात गेली. नाटोचा प्रश्न, लाफोंटेन यांच्यावरचा राग, पूर्व जर्मनीतल्या हुकूमशाहीची आठवण, अशी कारणं दिली गेली आणि ती खोटी नव्हती. १९४६ मध्ये सोव्हिएत विभागात एसपीडीचं कम्युनिस्ट पक्षाशी जबरदस्तीनं विलीनीकरण केलं होतं आणि न ऐकणारे तुरुंगात गेले होते. उलट बाजूला जानेवारी १९१९ ची आठवण: एसपीडीचं सरकार असताना रोझा लक्झेंबुर्ग आणि कार्ल लीबक्नेश्ट यांचा खून झाला. दर जानेवारीत बर्लिनच्या फ्रीडरिक्सफेल्डे स्मशानभूमीत हजारो लोक लाल कार्नेशन घेऊन जातात.

यात मराठी वाचकाच्या ओळखीचं एक नाव आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ज्यांच्या विचारांमुळे रॉयवादी झाले, ते मानवेंद्रनाथ रॉय १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये होते. जर्मन कम्युनिस्ट पक्षातून काढलेल्या ब्रांडलर आणि थालहायमर यांच्या विरोधी गटाच्या पत्रात ते लिहीत. नाझींविरुद्ध समाजवादी आणि कम्युनिस्टांनी एकत्र लढावं, असं हा छोटा गट म्हणत होता. मॉस्कोची भूमिका मात्र एसपीडी हीच मुख्य शत्रू अशी होती. या लेखनामुळे १९२९ मध्ये रॉय यांची कॉमिन्टर्न या कम्युनिस्टांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेतून हकालपट्टी झाली.

आजचं गणित वेगळं आहे. २०२५ मध्ये एसपीडी १२०, ग्रीन ८५, डी लिंके ६४. बेरीज २६९, आणि बहुमताला हवेत ३१६. म्हणजे एकत्र यायचं ठरलं तरी सरकार बनत नाही. तरी ६ मे २०२५ ला मेर्त्स पहिल्या फेरीत चान्सलर म्हणून निवडून आले नाहीत, तेव्हा दुसरी फेरी त्याच दिवशी घेण्यासाठी लागणारं दोन-तृतीयांश बहुमत, एएफडीवर अवलंबून राहायचं नसेल तर, डी लिंकेच्या मतांशिवाय जमत नव्हतं. ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाचा तिच्याशी कसलंही सहकार्य न करण्याचा ठराव आहे, आणि त्या दिवशी त्यांना तिच्याच दारात जावं लागलं. पक्षानं मत दिलं. एएफडीला गोंधळाचा फायदा मिळू नये हे त्यांचं कारण होतं, आणि मला ते पटतं.